सगळे म्हणतात, सुटलीस!

ताई,

माझं वय ४७. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. ते संपूनही आता सव्वा वर्ष झालं. रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी तेवढी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे.

महिला दिनाला शाळेत माझा सत्कार झाला. फळ्यावर रंगीत खडूने 'कॅन्सरला हरवणारी रणरागिणी' असं लिहिलं होतं. शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि न्हाणीघराची कडी लावून रडले. कारण मला बरं वाटतच नाही. दुसऱ्या तासालाच गळून जाते. हजेरी घेताना मुलांची नावं आठवत नाहीत. बोटांना मुंग्या येतात. डावा हात सुजतो, त्या हातात बांगडी चढत नाही. रात्री घामाने गाऊन भिजतो. पाठ दुखली की वाटतं, आला परत. म्हणून दर दोन महिन्यांनी घरी न सांगता साताऱ्याच्या लॅबमध्ये सीए १५-३ ही कॅन्सरची रक्ततपासणी करून येते. रिपोर्ट चांगला आला की आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

सासूबाई म्हणतात, जीव वाचलाय, आणखी काय हवं? ते खरंच आहे. यजमानांनी दुखण्यात माझं सगळं केलं, पण आता ते दुसऱ्या खोलीत झोपतात. मुलगी २४ वर्षांची आहे, स्थळं बघतोय. जाऊबाई म्हणतात, पाहुण्यांना तुझ्या आजाराचा सुगावा लागू द्यायचा नाही.

माझंच काही चुकतंय का?

– एक शिक्षिका

*

बाई (शिक्षिकेला मला दुसरी हाक सुचत नाही),

चुकतंय एका ठिकाणी, पण तुम्ही म्हणताय तिथे नाही. जीव वाचल्यावर कुरकुर करणं हा कृतघ्नपणा नव्हे. चूक अशी की जिथे तपासण्या करून हाती काही लागत नाही तिथे तुम्ही चोरून तपासण्या करताय, आणि ज्या दुखण्यांवर चांगले उपाय आहेत ती 'चालायचंच' म्हणून अंगावर काढताय. हे उलटं करायचंय.

मी डॉक्टर नाही. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बराच काळ बसले आहे. तिथे केमो चालू असलेल्यांपेक्षा केमो संपलेली माणसं जास्त गोंधळलेली दिसायची. उपचार चालू असताना दर तीन आठवड्यांची तारीख असते, सिस्टर नावाने ओळखतात, शेजारणी डबा आणून देतात. एक दिवस डॉक्टर म्हणतात, 'आता तीन महिन्यांनी या,' आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिवसाची वर्षभर वाट बघितली, त्याच दिवशी पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नसते.

फिट्झह्यू मलान नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. बत्तिशीत त्यांना स्वतःलाच छातीत कॅन्सर निघाला. त्यातून बाहेर आल्यावर १९८५ साली त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लेख लिहिला आणि या आजारानंतरच्या आयुष्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला निदानाचा आणि उपचारांचा. दुसरा उपचार थांबल्यानंतरचा, ज्यात शरीर थकलेलं असतं आणि आजार उलटण्याची भीती सतत सोबत असते. तिसरा, जेव्हा ती शक्यता बरीच मागे पडलेली असते. तुम्ही आहात दुसऱ्या टप्प्यात. सत्कार करणाऱ्यांनी तुम्हाला शाल घालून थेट तिसऱ्यात नेऊन बसवलंय. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण रणरागिणीने दमायचं नसतं, घाबरायचं तर मुळीच नसतं, आणि तुम्हाला दोन्ही होतंय. ती पदवी त्यांच्या समाधानासाठी होती असं समजा आणि शालीबरोबर कपाटात ठेवून द्या.

आता हात. तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते बांगडीच्या निमित्ताने ओझरतं लिहिलंय. काखेतल्या गाठी काढल्या आणि वर रेडिएशन झालं की हातातला लसीकाद्रव (पेशींभोवतालचा पाण्यासारखा द्रव, इंग्रजीत लिम्फ) वाहून जायच्या वाटा कमी होतात, तो साठतो आणि सूज येते. याला लिम्फिडीमा म्हणतात. सुरुवातीला ही सूज रात्री हात उशीवर ठेवून झोपलं की सकाळपर्यंत उतरते. दुर्लक्ष केलं तर हात हळूहळू कडक होत जातो आणि मग उतरवणं अवघड. शिवणाची टेप घ्या. कोपराच्या वर दहा सेंटीमीटरवर आणि खाली दहा सेंटीमीटरवर पेनाने खूण करा, दोन्ही हातांची मापं घ्या, वहीत लिहून ठेवा. दोन सेंटीमीटर किंवा जास्त फरक निघाला तर ते नक्की दाखवण्यासारखं आहे. बांगडी अडकतेय म्हणजे फरक याहून कमी निघाला तरी दाखवाच.

उपाय फिजिओथेरपिस्टकडे असतो, आणि तोही या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या. विशिष्ट पद्धतीची हलकी मालीश, पट्ट्या बांधणं, मग मापाची घट्ट बाही, जिला सगळे स्लीव्हच म्हणतात, आणि व्यायाम. घरच्या घरी गरम तेलाने रगडून मालीश नको. कुणी सूज उतरायला लघवीची गोळी सुचवली तर तीही नको, या सुजेवर ती काम करत नाही. हाताची कातडी जपा: नखं कापताना, भाजी चिरताना, पोळ्या भाजताना. डास चावला तर खाजवत बसू नका. आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर सकाळची वाट बघू नका. तो जंतुसंसर्ग असतो, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

'त्या हाताने आयुष्यभर कळशी उचलायची नाही' हे तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असणार. पूर्वी डॉक्टरही तेच सांगत. २००९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताला सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली होती. सूज वाढली तर नाहीच, उलट ती उफाळून येण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणून हात गळ्यात बांधल्यासारखा वागवू नका. सुरुवात मात्र फिजिओथेरपिस्टला विचारून, स्लीव्ह घालून आणि अगदी हलक्या वजनाने करा.

आता ती लॅब. तुमची भीती मला कळते, त्यावर हसणारी मी नव्हे. पण सीए १५-३ या तपासणीकडून तुम्ही जे मागताय ते ती देऊ शकत नाही. काही त्रास नसलेल्या बाईच्या रक्तात हे मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून मोजले जाणारे पदार्थ, नियमित बघत राहावेत असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. पेट स्कॅन, सीटी आणि बोन स्कॅनचंही तेच. याचं मूळ इटलीत झालेल्या दोन अभ्यासांत आहे. ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत मिळून अडीच हजारांहून जास्त बायका होत्या. निम्म्यांना नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी, निम्म्यांना त्याशिवाय ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, एक्स-रे वगैरे. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मार्कर यकृताच्या साध्या आजारातही वाढू शकतो, आणि नॉर्मल आला म्हणजे सगळं नॉर्मल असंही नसतं. दोन महिन्यांनी जाऊन तुम्ही आठ दिवसांची झोप विकत आणताय, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस जागून काढताय.

तुमच्यासाठी देखरेख म्हणजे काय, ते साधं आहे: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणं, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. बाकी तपासण्या डॉक्टरांना शंका आली तर. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या फाईलप्रमाणे वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका, माझं नको.

मग पाठीचं काय? पाच तास फळ्यासमोर उभं राहिल्यावर दुखून रविवारी थांबणारी पाठ ही शिक्षिकेची पाठ आहे. जे दुखणं दोन-तीन आठवडे हटत नाही, वाढत जातं, रात्री झोपेतून उठवतं, ते दाखवायचं. व्रणावर, काखेत किंवा मानेत नवी गाठ, न थांबणारा कोरडा खोकला, दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं, उलट्यांसह डोकेदुखी, कावीळ, हेही तसंच. यातलं काही झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, फोन करून जायचं. ही यादी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे चिकटवा. बघा, मनाला असं काहीतरी लागतं ज्याच्यावर बोट ठेवून 'हे नाही, तेही नाही' म्हणता येईल.

भीती त्याने संपेल असं मी म्हणत नाही. फॉलो-अपच्या आधीच्या आठवड्यात ती वाढणारच, ओळखीत कुणाला तोच आजार निघाला की वाढणार, टीव्हीवर कुणी नटी गेली की वाढणार. झोप-जेवण बिघडण्याइतकी असेल तर ओपीडीत सरळ सांगा की मला समुपदेशकाकडे पाठवा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र माणसं असतात. घरातून बोलायचं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणि ज्यांना हे स्वतः झालंय अशा कुणाशी तरी बोला. मुंबईत 'व्ही केअर' ही संस्था १९९४ पासून हेच करते, तीही स्वतः या आजारातून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी सुरू केलेली. पुढच्या वेळी मुंबईला गेलात की चौकशी करा. नवऱ्यापाशी, बहिणीपाशी जे बोलवत नाही ते अशा अनोळखी बाईपाशी पाच मिनिटांत बोललं जातं, हे मी बाकावर बसून पाहिलंय.

एक सूचना: मानसोपचाराची किंवा घामाची कुठलीही गोळी सुरू करताना 'टॅमॉक्सिफेन चालू आहे' हे आधी सांगा. नैराश्याच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, काही तिच्याबरोबर चालतात. रात्रीच्या घामावरही औषधं आहेत, तेव्हा गाऊन बदलत बसण्याऐवजी विचारा. शेजारीण शतावरी कल्प आणून देईल, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पाळी थांबलेली असताना अंगावरून रक्त गेलं, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दाखवा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी या दोन गोष्टींकडे काणाडोळा करायचा नसतो. या भीतीने गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, आजार उलटू नये म्हणूनच ती आहे.

थकव्याचं सांगते. कॅन्सरच्या उपचारांनंतरची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार हीच, आणि झोपून न जाणारा हा थकवा असतो. आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. लॅबमध्ये जायचंच असेल तर याच्यासाठी जा! यातलं काही निघालं तर उपाय सोपा. नाही निघालं तर चालायला लागा. दमलेल्या माणसाला चाल म्हणणं तुम्हाला आगाऊपणा वाटेल, पण नुसत्या विश्रांतीने हा थकवा वाढतो आणि चालण्याने कमी होतो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. दहा मिनिटांनी सुरुवात करा. पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचंय, घाई नाही. बोटांच्या मुंग्या बहुधा केमोच्या आहेत. त्या सावकाश कमी होतात, कधी थोड्या राहतातही, तोवर तवा-पातेलं कपड्याशिवाय धरू नका आणि घरातही चप्पल घाला. नावं विसरणंही नेहमीचं आहे, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. हजेरीपटावर बोट ठेवून नाव वाचलं म्हणून कुठलं पोर हसणार आहे?

मुख्याध्यापकांना मात्र लेखी अर्ज द्या: वर्ग तळमजल्यावर, खुर्चीवर बसून शिकवायची मुभा, आणि निवडणुकीच्या कामातून वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून सूट. तोंडी सांगाल तर 'मॅडम, तुम्ही तर ठणठणीत दिसता' एवढंच ऐकायला मिळेल.

यजमानांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत आणि दुसऱ्या विषयाकडे वळलात. ओपीडीत मला नवरे भेटायचे, ते याच विषयावर बोलता बोलता गप्प व्हायचे. बहुतेकांच्या मनात एकच असायचं: तिला दुखेल, तिला नको असेल, मी विचारलं तर ती म्हणेल याला एवढ्यात हेच सुचतंय. तिकडे बायको समजायची की व्रण बघून याचं मन उडालं. तुमच्या घरी कदाचित हेच चाललं असेल, कदाचित त्यांना तुमच्या घामाने आणि जागरणाने झोप लागत नसेल. विचारल्याशिवाय कळायचं नाही. दिवसा, चहा घेताना विचारा, रात्री अंधारात नको. 'खोलीत परत या, मला एकटीला भीती वाटते,' एवढं पुरे. बाकी सगळं त्या रात्रीच व्हायला पाहिजे असं नाही. जवळीक करताना कोरडेपणाने दुखत असेल तर तो केमोने पाळी थांबल्याचा आणि गोळीचाही परिणाम असू शकतो. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. हार्मोन असलेलं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर पुरुष आहेत म्हणून विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये ठेवा, ते वाचतात.

राहिल्या जाऊबाई. ज्या गावात महिला दिनाला तुमचा जाहीर सत्कार झाला, आणि त्याचे फोटो बहुधा घरच्यांनीच स्टेटसला ठेवले असतील, त्या गावात हे गुपित कुणापासून ठेवायचं? पाहुणे चौकशी करतात ती किराणा दुकानात करतात. साखरपुड्यानंतर त्यांना बाहेरून कळलं तर मुलीलाच ऐकून घ्यावं लागेल.

त्यामागची शंका मात्र खरी आहे, ती बाजूला सारू नका: आईला झाला म्हणजे मुलीला होणार का? स्तनांच्या कॅन्सरपैकी शंभरातले सुमारे पाच ते दहा वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे होतात, बाकीचे नाही. तुम्हाला पन्नाशीच्या आत झाला, म्हणून जनुकीय तपासणी करावी का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. ही तपासणी आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणजे तुमची. दोष नाही निघाला तर मुलीच्या डोक्यावरचं बरंच ओझं उतरेल. निघाला तर तिने कधीपासून काय तपासायचं हे आत्ताच ठरवता येईल, आणि ते कळणं न कळण्यापेक्षा केव्हाही बरं. ती २४ वर्षांची आहे. बोलणी पुढे सरकली की मुलाला हे तिने स्वतः सांगावं, साखरपुड्याच्या आधी. कधी, कसं, हे तिला ठरवू द्या, जाऊबाईंना नको. एवढं ऐकून जो मुलगा मागे सरेल, तो आत्ता सरलेला परवडला.

या आठवड्यात यातलं सगळं करू नका, फक्त हात दाखवा. बाकीचं पुढच्या फॉलो-अपला. तेव्हा यजमानांना बरोबर न्या आणि पाच प्रश्न कागदावर लिहून न्या: हात, घाम, थकव्याच्या तपासण्या, जनुकीय तपासणी, आणि तो पाचवा जो तोंडाने विचारवत नाही. चोरून केलेल्या मार्करचे रिपोर्टही फाईलला लावा, रागावणार नाहीत. आणि हो, कॅन्सरच्या रुग्णाला फेरतपासणीला जाण्यासाठीही रेल्वेची सवलत असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून, सही-शिक्का मारून मिळतो. या खेपेला परतताना पुढच्या खेपेचा घेऊन ठेवा.